पागेपासून दवाखाना किती दूर?

घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की एकदा आत गेलेलं वर येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने त्याचं जठरही लहान असतं, आठ ते पंधरा लिटरचं. आंबलेली चंदी पोटात फुगली किंवा पुढे आतड्याला पीळ बसला, तर साठलेल्या दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि जठर फुटूही शकतं. अशा वेळी नाकातून जठरापर्यंत नळी घालून तो दाब मोकळा करणारा माणूस काही तासांच्या आत पागेत पोहोचावा लागतो. पोटशुळाचे बहुतेक घोडे औषधोपचाराने बरे होतात, हे खरं आहे. पण जे होत नाहीत त्यांच्या बाबतीत घोडा कुठल्या वंशाचा आणि केवढ्याला घेतला याला काही अर्थ उरत नाही. डॉक्टर किती वाजता आला, एवढंच महत्त्वाचं ठरतं.

आपल्याकडे घोड्याचा डॉक्टर बहुधा त्याच रात्री शोधला जातो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, घामाने भिजलाय, लोळतोय, आणि मालक एका हाताने लगाम धरून दुसऱ्या हाताने ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावतोय. जो पहिला फोन उचलेल तो डॉक्टर. मग तो त्या तालुक्यात म्हशींची कृत्रिम रेतनं करणारा असो, शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातला असो, नाहीतर औषधाच्या दुकानातला अनुभवी पोरगा असो. याला निवड म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. घोडा पाळणाऱ्याने डॉक्टर घोडा धडधाकट असताना निवडावा. जवळचा निवडावा. आणि त्याला काय येतं याची चौकशी करताना, जे येत नाही ते तो वेळेत आणि मोकळेपणाने सांगतो का, याची चौकशी जास्त कसोशीने करावी. नावाजलेल्या पण दीडशे किलोमीटरवरच्या तज्ज्ञापेक्षा असा जवळचा डॉक्टर घोड्याच्या जास्त उपयोगाचा, असं मी मानतो. हे सगळ्यांना पटेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या देशातलं आधुनिक पशुवैद्यक उभं राहिलं ते मुळात घोड्यासाठी. 1862 मध्ये पुण्यात लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली, कारण पलटणीला घोडे हवे होते. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान भागातल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात ग्रिफिथ इव्हान्स यांना ‘सर्रा’ रोगाचा परजीवी सापडला. 1886 मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा मुंबईचे रस्ते घोड्यांच्या ट्रामचे आणि व्हिक्टोरियांचे होते. 1889 मध्ये जनावरांच्या रोगांवरच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा निघाली तीही पुण्यातच. पुढे ती मुक्तेश्वरला हलली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली.

मग मोटार आली, घोडदळं मोडली आणि स्वातंत्र्यानंतर पशुवैद्यकाचा सगळा रोख दुधाकडे वळला. ते योग्यच झालं. अल्पभूधारक कुटुंबाचा महिना दोन म्हशींवर निघतो. तालुक्याचा दवाखाना त्या म्हशींसाठी नसेल तर कुणासाठी असणार? 2019 च्या पशुगणनेत देशात गोवंशाची संख्या 19 कोटींच्या वर होती आणि घोडे-तट्टू मिळून होते साधारण 3 लाख 40 हजार. 2012 च्या मानाने ही संख्या 45 टक्क्यांहून जास्त घटली होती. दिवसभरात शंभर गाई-म्हशी-शेळ्या बघणाऱ्या डॉक्टरच्या हाताखालून वर्षाकाठी चार घोडे गेले, तर त्याचा हात घोड्यावर बसणार कसा? यात त्याचा दोष नाही. पण घोडेवाल्याने ही वस्तुस्थिती ओळखून वागायला हवं.

कारण गाईची सवय घोड्याला चालत नाही. गाय व्यायल्यावर वार पडायला बारा तास वाट बघण्याची पद्धत आहे आणि त्यात फारसं बिघडत नाही. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ती तातडीची वेळ समजायची. त्यातून गर्भाशयाला संसर्ग होतो, विष रक्तात भिनतं आणि खुरांच्या आतल्या थराला सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते. ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य गोठ्यात निभतं, पागेत निभत नाही. धनुर्वाताचंही असंच. गुराला तो क्वचित होतो. घोडा पाळीव जनावरांत त्याला सर्वांत लवकर बळी पडणारा. खुरात घुसलेला एक गंजका खिळा त्याला पुरतो. ज्याच्या कामात गुरंच जास्त येतात तो डॉक्टर जखम धुऊन, पट्टी बांधून जाईल आणि लशीचा विषय निघणारच नाही.

औषधांचं तर विचारूच नका. जनावराला गुंगी आणायला झायलाझीन वापरतात. गाय त्याला घोड्याच्या सुमारे दहापट संवेदनशील असते. म्हणजे एकाच कपाटातली एकच बाटली, पण घोड्याचा हिशेब गाईला लावला तर गाय आडवी होईल आणि गाईचा हिशेब घोड्याला लावला तर घोडा जागाच राहून लाथ घालेल. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळतात. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना ते विष आहे, म्हणून कोंबडीखाद्याचं उरलेलं पोतं घोड्यापुढे ओतू नये. मांजराला माणसाची पॅरासिटॅमॉल दिली तर ती त्याच्या जिवावर बेतते. ‘जनावरांचा डॉक्टर’ असं आपण सरसकट म्हणतो खरं, पण ही जनावरं आतून एकमेकांपासून फार वेगळी आहेत आणि एका घरात घोडा, दोन गाई, शेळ्या, कुत्रा असं सगळं असलं की हा वेगळेपणा एकाच डॉक्टरच्या पिशवीत येऊन बसतो.

इथे कुणी म्हणेल, मग घोड्याचा खास तज्ज्ञच हवा. मला हे पटत नाही. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर, स्टड फार्मवर आणि लष्कराकडे घोड्यांचे उत्तम डॉक्टर आहेत. पण शिरूरच्या घाटात बैलगाड्यापुढे धावणारी घोडी, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवणारा घोडा, लग्नाच्या वरातीतली घोडी, नंदुरबारच्या एखाद्या तरुणाने हौसेने आणलेलं मारवाडी शिंगरू, यांच्यापर्यंत तो तज्ज्ञ रात्री दोन वाजता येणार आहे का? त्याची फी आणि गाडीभाडं परवडेलही एखाद्याला, पण मधलं अंतर पैशाने कमी होत नाही. पहिल्या तासात घोड्याची नाडी मोजणारा, नळी घालणारा, शीर धरून सलाईन लावणारा हात जवळचाच लागतो. तज्ज्ञ लागतो तो त्यानंतर, फोनवर किंवा पुढच्या इस्पितळात. तेव्हा जवळच्या डॉक्टरची आणि दूरच्या तज्ज्ञाची आधीपासून ओळख आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा. ज्याच्या फोनमध्ये परळच्या किंवा शिरवळच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाचा नंबर आहे आणि जो अडला की विचारायला लाजत नाही, असा तालुक्याचा डॉक्टर मला कुठल्याही नामवंताइतकाच मोलाचा वाटतो.

आता डॉक्टर म्हणायचं कुणाला? भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 सालचा आहे. साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा करून परिषदेकडे नोंद झालेल्यालाच स्वतंत्रपणे उपचार करता येतात. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना राज्य सरकारने ठरवून दिलेली किरकोळ कामं करता येतात, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेचे श्रेणी 2 चे दवाखाने वर्षानुवर्षं पशुधन पर्यवेक्षकांनी चालवले. लसीकरणाच्या मोहिमा, पुरातली जनावरं, 2022 मधली लम्पीची साथ, या सगळ्यांत वाड्यावस्त्यांवर पायपीट करणारा माणूस बहुतेक वेळा तोच होता. त्याच्याविषयी अनादराने बोलण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. तरीही घोड्याचा पोटशूळ, अडलेली घोडी, गुंगी देऊन करायचं कुठलंही काम, यांसाठी नोंदणीकृत डॉक्टरचाच आग्रह धरावा. नोंदणी क्रमांक विचारणं हा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर तो चिठ्ठीवर छापूनच देतो, आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे, तिथे खातरजमाही करता येते.

खरा धोका पर्यवेक्षकांचा नाहीच. तो आहे ‘एक सुई मारा, उतरेल’ या सवयीचा, आणि ती सवय डॉक्टरइतकीच मालकाचीही आहे. पोटशुळात वेदनाशामक देणं चूक नाही, घोड्याचे हाल थांबवायलाच हवेत. पण आधी नाडी मोजून, हिरड्यांचा रंग पाहून, पोटाला कान लावून, शक्य असेल तर गुदमार्गातून आतड्यांचा अंदाज घेऊन मग सुई द्यायची असते. धडधाकट घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. ते साठीच्या पुढे जाऊन तिथेच राहिले तर मामला गंभीर. जोरदार वेदनाशामकाने घोडा तासभर शांत उभा राहतो, मालक सुटकेचा श्वास टाकतो, डॉक्टर निघून जातो आणि आत पिळलेलं आतडं काळं पडत जातं. सुईचा अंमल ओसरतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी हलवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आल्या आल्या पिशवी उघडणाऱ्यापेक्षा आधी घड्याळ हातात घेऊन नाडी मोजणारा डॉक्टर निवडा. जाताना ‘दोन तासांनी मला फोन करा, ठोके किती आहेत ते सांगा’ असं बजावणारा असेल तर त्याला सोडूच नका.

वेदनाशामकांचा प्रश्न घोड्यापुरता राहत नाही. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं संपली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. तरी माणसांसाठीची बाटली गोठ्यात पोहोचतेच. मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना सुरक्षित पर्याय असताना जो अजूनही डायक्लोफेनॅक काढतो, तो नवं काही वाचत नाही एवढं तरी त्यावरून समजतं.

वाचत राहणारा डॉक्टर ओळखायची माझी आणखी एक खूण आहे, सुईआधी रक्त घेणारा. अधूनमधून येणारा ताप, खात असूनही खंगत जाणं, पाय आणि पोटाखाली सूज, अशी लक्षणं असली तर सर्रा असू शकतो. तो चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दिसू शकतो. इव्हान्स यांनी 1880 मध्ये तो तसाच पाहिला होता. आज तालुक्याच्या गावी सूक्ष्मदर्शक दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती तपासायची सवय. तापाला एक आणि अशक्तपणाला एक अशा दोन सुया दिल्या की मालकही खूश होतो, आणि घोडा महिनाभराने पुन्हा बसतो.

चौकशी कुणाकडे करायची? नालबंदाकडे. तो पाच-पंचवीस पागांतून फिरतो, कुणाच्या हातून घोडा बरा झाला आणि कुणाच्या हातून लंगडा राहिला हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मोतद्दाराकडेही विचारावं, कारण घोडा धरून तोच उभा असतो. डॉक्टर जनावराजवळ कसा जातो, खांद्याच्या बाजूने बोलत येतो की मागून धसमुसळेपणाने, हे त्याने पाहिलेलं असतं. मग डॉक्टरला स्वतः भेटून विचारावं. घोड्याच्या मापाची जठरनळी आहे का? दातांच्या कडा कानसायचं साहित्य आहे का? घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि झिजत राहतात. झीज वाकडी झाली की कडा गालाला, जिभेला कापतात, घोडा चंदी अर्धवट चावून टाकतो आणि आपण त्याला खोडकर ठरवतो. रात्री फोन घेता का? बाहेरगावी गेलात तर तुमच्या जागी कोण? आणि शेवटी, कुठली कामं तुम्ही करत नाही? या शेवटच्या प्रश्नाला ‘सगळं करतो’ असं उत्तर देणाऱ्यापासून दूर राहावं. ‘घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया माझ्याकडे होणार नाही, ठोके अमुक झाले की मी तुम्हाला पुढे पाठवीन, गाडी आधी ठरवून ठेवा’ असं सांगणारा डॉक्टर सापडला तर शोध संपला असं समजा.

या शोधात एका अडचणीविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. पशुवैद्यक महाविद्यालयांतून आता मुली मोठ्या संख्येने शिकून बाहेर पडतात. गावाकडे अजूनही मालक विचारतो, ‘मॅडमना घोडा आवरेल का?’ घोडा चारशे किलोचा. तो कुठल्याही पुरुषालाही जोराने आवरत नाही. तो आवरतो मोहरकीने, योग्य बांधण्याने, गरज पडली तर मोजक्या गुंगीने आणि मुख्य म्हणजे धीराने. ताकदीच्या भरवशावर घोड्याजवळ जाणारा डॉक्टरच बहुतेक लाथ खातो. चांगली डॉक्टर जवळ असताना केवळ बाई म्हणून दुसऱ्या तालुक्यातला पुरुष शोधणारा मालक आपल्याच घोड्याचं नुकसान करतो.

घोडा विकत घेतानाची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण तिथे फसवणूक सर्वांत जास्त होते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात, लाखांचे सौदे होतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडे आणि गाढवं येतात. तिथे घेणारा घोड्याचे भोवरे बघतो, कान बघतो, रंग बघतो, चाल बघतो. हे सगळं बघावं, ती आपली जुनी पारख आहे. पण लंगडा घोडा वेदनाशामक देऊन दोन दिवस सरळ चालवता येतो, आणि ते भोवऱ्यात दिसत नाही. विकणाऱ्याने बोलावलेल्या डॉक्टरचा दाखला हा विकणाऱ्याचा दाखला असतो. त्या डॉक्टरच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. पण त्याची फी कोण देतं यावर त्याची बांधिलकी ठरते, हे व्यवहारात मान्य करावंच लागतं. आपला डॉक्टर सोबत न्यावा, नाहीतर त्याच्या विश्वासातला तिथला कुणी शोधून द्यायला सांगावं. डोळे, दात, हृदय, खूर, कडक जमिनीवरची दुडकी चाल, आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी. लाखाच्या घोड्यापुढे ही फी काहीच नाही.

ग्लँडर्सचा उल्लेख आला तसा आणखी एक मुद्दा. हा जिवाणूजन्य रोग घोड्या-गाढवांना होतो आणि माणसालाही लागू शकतो. 2006 मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा डोकं वर काढून गेला. 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात आणि रोग नक्की झाला तर घोडा दयामरणाने संपवावा लागतो. ज्याची रोजीरोटी एका घोड्यावर आहे त्याला हे किती जड जातं, हे लिहून सांगण्याची गरज नाही. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या की तो म्हणतो, ‘डॉक्टर, कुठे बोलू नका, मलम द्या.’ जो डॉक्टर अशा वेळी गप्प बसतो, तो मालकाला आपला वाटतो. पण त्याच पागेत झोपणारा मोतद्दार आणि मालकाची पोरं त्याच्या गप्प बसण्याची किंमत मोजू शकतात. रोग लपवायला नकार देणारा डॉक्टर निवडणं म्हणजे स्वतःच्या घरच्यांसाठीही डॉक्टर निवडणं आहे. सरकारनेही भरपाई लवकर आणि पुरेशी दिली पाहिजे, नाहीतर हा प्रामाणिकपणा फक्त गरिबाच्या खिशातून वसूल होत राहील.

इथपर्यंत वाचून माथेरानचा एखादा घोडेवाला म्हणेल, हे सगळं ज्याला चार डॉक्टर उपलब्ध आहेत त्याने वाचावं. त्याचं बरोबर आहे. माथेरानला खासगी गाडी दस्तुरीपर्यंतच येते. आत घोडा पेव्हर ब्लॉकवर घसरून पडला तर त्याला ट्रकपर्यंत आणायचं म्हणजे चालवतच आणावं लागतं. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांचं तर गावच रोज बदलतं. त्यांचं बिऱ्हाड, कोकरं, कधी लहान पोरंसुद्धा ज्याच्या पाठीवर असतात ते भीमथडी तट्टू आजारी पडलं तर ‘स्थानिक’ डॉक्टर कुठला म्हणायचा? अशा ठिकाणी एकट्याने निवड करता येत नाही हे मान्य. पण मिळून करता येते, आणि महाराष्ट्राला हे कुणी शिकवायला नको. गोकुळसारखे दूध संघ सभासदांच्या दारात डॉक्टर पाठवतात, ते काय प्रत्येक शेतकरी श्रीमंत होता म्हणून? प्रत्येक लिटरमागे थोडं थोडं बाजूला पडलं आणि त्यातून यंत्रणा उभी राहिली. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीच्या घोडेवाल्यांच्या संघटना आहेत. फेरीमागे पाच-दहा रुपये बाजूला काढून महिन्यातून एक दिवस घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर बोलावला, सगळ्या घोड्यांचे दात, खूर, लसी एकाच फेरीत झाल्या, तर त्या डॉक्टरला तिथे यायला परवडेल आणि रात्रीचा फोन घ्यायलाही तो बांधील राहील. भीमथडीला देशी वंश म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली, त्याचा आनंद आहेच. वंशाच्या नोंदणीनंतर त्याच्या उपचाराची सोय ही पुढची पायरी असायला हवी.

1962 या क्रमांकावर फोन केला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. एक लाख जनावरांमागे एक गाडी असा त्याचा हिशेब आहे. ही चांगली योजना आहे. त्या गाडीत घोड्याची जठरनळी, धनुर्वाताची लस आणि प्रतिविष ठेवायला मोठा खर्च येणार नाही. पशुसंवर्धन खात्याने एवढं केलं तरी पुष्कळ घोडे वाचतील. आणि घोडा म्हणजे श्रीमंतांची हौस, त्याच्यासाठी सरकारने का खर्च करावा, असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या रुग्णाला जे प्रतिविष टोचतात, ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. ऊस तोडताना, भात कापताना ज्यांना साप चावला आणि जे वाचले, त्यांच्या अंगात काही दिवस घोड्याची प्रतिपिंडं फिरत होती.

डॉक्टर निवडला की मालकाचं काम संपत नाही, कारण निवड दोन्ही बाजूंनी होत असते. चांगला डॉक्टरही मालक निवडतो. पागेत उजेड नाही, धरायला माणूस नाही, घोड्याला कधी पायाला हात लावू द्यायची सवय लावलेली नाही, आधी कुणी कुठली सुई दिली हे लपवलेलं, आणि काम झाल्यावर फीवर घासाघीस. अशा पागेत दुसऱ्यांदा रात्री यायला कुणाला उत्साह वाटेल? एकाच वेळी तिघांना फोन करून जो आधी येईल त्याच्याकडून काम उरकायचं आणि वाटेत असलेल्या बाकीच्या दोघांना परत पाठवायचं, ही तर सर्वांत वाईट खोड. साध्या वहीत घोड्याचं वजन, लसी, जंताची औषधं, नालबंदीच्या तारखा, आधीचे आजार लिहून ठेवावेत. निरोगी असतानाचे ठोके आणि ताप आठवड्यातून एकदा मोजून त्याच वहीत उतरवले, तर आजाराच्या रात्री डॉक्टरला फोनवर ‘घोडा कसा तरी करतोय’ याऐवजी ‘रोज छत्तीस असतात, आत्ता अठ्ठावन्न आहेत’ असं सांगता येतं. त्या एका वाक्यावरून तो काय काय बरोबर घेऊन निघायचं ते ठरवतो.

तुमच्या दारात घोडा असेल तर त्याला धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली ते आज बघा. आठवत नसेल तर तेच निमित्त करून जवळच्या डॉक्टरला दिवसाउजेडी घरी बोलावा, घोडा दाखवा, वर सांगितलेले प्रश्न विचारा आणि पूर्ण फी द्या. तो घोड्याजवळ कसा जातो ते बघा, आणि जाताना त्याचा रात्रीचा नंबर पागेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.